बांगीचा उजवा हात

भाईंदर पूर्व
१२ फेब्रुवारी २०२५

मुदस्सरभाई,

अस्सलामु अलैकुम.

सलामाचा जवाब देणं वाजिब असतं, हे मला तूच शिकवलंस. लहानपणी तू रागावलास की मी मुद्दाम दाराआडून सलाम करायचे, आणि तुला दात-ओठ खात जवाब द्यावा लागायचा. म्हणून सुरुवात त्यानेच केली. फोनवर तू माझा नंबर बंद करून ठेवलास. कागद बंद करता येत नाही. फाडता येतो, पण फाडायच्या आधी पहिली ओळ वाचशील, एवढं तुला ओळखते.

पत्र राघोकाका आणून देतील. त्यांच्यावर चिडू नकोस. मुर्ध्याहून डोंगरीपर्यंत त्यांची रिक्षा तशीही जाते, आणि तू बर्फाच्या कारखान्यात कामाला लागलास हे त्यांनीच अब्बांना सांगितलं. अब्बांनी ऐकून फक्त विचारलं, "स्वेटर नेला का त्यानं?"

आता काम. कोर्टाचं समन्स आलं आहे, तुझ्या नावाने, आपल्या पत्त्यावर. एप्रिलच्या शेवटी तुझी साक्ष आहे. सरकारी वकील गिरिजा मॅडम मला म्हणाल्या, भावाला सगळं क्रमाने आठवायला सांग. म्हणून तुला माहीत असलेलंच पुन्हा लिहिते. जमातीच्या हॉलचा वरचा मजला मुलींच्या अभ्यासिकेसाठी ठरला होता. इलियास खोतला तिथे त्याच्या टाइल्सचं गोदाम हवं होतं. किल्ली अब्बांकडे, कारण पहाटे हॉल उघडून बांग देणारे तेच. अब्बांनी किल्ली दिली नाही. संध्याकाळी ते जिना उतरत असताना इलियासने मागून लोखंडी पाइप घातला. अब्बांनी त्याचा चेहरा पाहिला नाही. तू जिन्याखाली होतास, तू पाहिलास. बाकीचेही होते, पण त्यांची आठवण आता अधू झाली आहे. जमातीत ही साथ जोरात आहे.

आणखी एक भानगड आहे. हसू नकोस. त्या संध्याकाळी ठाण्यात तुझा जबाब घेतला ना, तू म्हणालास, "माझे वडील बांगी आहेत." लिहिणाऱ्या हवालदाराला हा शब्द ठाऊक नव्हता. त्याने लिहिलं, "फिर्यादीचे वडील बांगडीवाले आहेत." तू न वाचता सही केलीस. आता इलियासचा वकील म्हणतो, बांगडीवाल्याकडे हॉलची किल्ली कशाला असेल? म्हणजे हा माणूस कुलूप फोडून आत शिरला होता आणि पळताना पडला. हे ऐकून अब्बा म्हणाले, "चला, केबिन रोडला एक गाळा बघू या. हिरव्या काचेच्या बांगड्या ठेवू." अम्मी इतकी हसली की तिला ठसका लागला. मला हसू आलं नाही.

तो जबाब तुझा आहे. तो शब्द तुलाच दुरुस्त करावा लागेल, पिंजऱ्यात उभं राहून.

घरी सगळं ठीक. माझं पनवेलचं लग्न ठरलं होतं तेही ठीक. काळजी करू नकोस.

तुझी बहीण,
मिस्बाह


९ मार्च

मुदस्सरभाई,

अस्सलामु अलैकुम. हा दुसरा. पहिल्याचा जवाब अजून तुझ्याकडेच आहे.

राघोकाकांना मी खोदून खोदून विचारलं. ते म्हणाले, "कागद घेतलान, खिशान घातलान. बोलला काय न्हाय. मंग रिक्षा वलवली तवा पाठून आवाज देतं, अब्बांचा हात कसा हाय?"

तर ऐक. अब्बांचा उजवा हात कोपरातून सरळ होत नाही आणि खांद्याच्या वर जात नाही. डॉक्टर म्हणतात, आता जेवढा आहे तेवढाच. घास डाव्या हाताने घ्यावा लागतो याची त्यांना लाज वाटते, म्हणून ते सगळ्यांच्या नंतर जेवतात. बांग त्यांनी सोडली. आवाज आहे तसाच आहे, पण हात कानाला लागत नाही. लोक म्हणतात, हात लावलाच पाहिजे असं काही नाही. अब्बा म्हणतात, "मला लागतो."

परवा इफ्तारला जमातीचे सदर आले होते, आपले कमरुद्दीनकाका, जमातीतले दोघं-तिघं घेऊन. खजूर खाल्ला, पाणी प्यायले, नमाज झाली आणि मग हळूच विषय काढला.

"बेटा, आधीच बाहेर लोक आपल्याबद्दल काय काय बोलतात, तू पेपर वाचतेस. त्यात आपलाच माणूस आपल्याच माणसाला कोर्टात खेचतो. शोभतं का? आपल्यातलं आपल्यात राहू दे."

मी म्हटलं, "काका, पाइप पण आपल्यातलाच होता."

"घ्या! पोरगी ग्रॅज्युएट झाली, जीभ पण ग्रॅज्युएट झाली."

आतून भजी तळता तळता अम्मी म्हणाली, "जीभ माझ्यावर गेलीय भावजी, कॉलेजवर नाही."

सगळे हसले. मग कमरुद्दीनकाका गंभीर झाले. त्यांना खरंच भीती वाटते, भाई. वाईट माणूस नाहीत ते. आपल्यातला प्रत्येक मुलगा पोलीस ठाण्याच्या दारातून मागे फिरावा असं त्यांना वाटतं, आणि त्यांच्या वयाने जे पाहिलंय त्यावरून ते वाटणं खोटं नाही. पण त्या भीतीचा फायदा दर वेळी कुणाला होतो? बाहेरच्यांनी दगड उचलला तर आपण मोर्चा काढतो, निवेदन देतो, वकील शोधतो. आतल्याने पाइप उचलला की आपण खजूर खातो. मला हे पटत नाही. अन्याय करणारा आपल्या सफेत, त्याच रांगेत शेजारी उभा राहून नमाज पढतो, म्हणून तो अन्याय छोटा होत नाही.

मी त्यांना विचारलं, "इलियासने माफी मागितली का?"

म्हणाले, "ईदला मागेल. हातात हात घेऊन मुसाफा करेल सगळ्यांसमोर. तू फक्त केस मागे घ्यायचं बघ."

आधी कागद, मग माफी. हे लक्षात ठेव.

जिन्याकडच्या खिडकीला नवी काच लावली. वाऱ्याने फुटली होती. अभ्यासिकेच्या मुली सध्या आपल्या स्वयंपाकघरात बसतात. दहावीची परीक्षा चालू आहे. एकीचा भूगोल अम्मीच घेते, ओट्याशी उभी राहून. तिला कोकणातल्या नद्या पाठ आहेत, घाट मात्र इकडचे तिकडे होतात.

मिस्बाह


१ एप्रिल

मुदस्सरभाई,

अस्सलामु अलैकुम आणि ईद मुबारक. शीरखुर्म्याचा डबा राघोकाकांबरोबर पाठवला होता. डबा धुऊन परत आला. म्हणजे खाल्लास. चिठ्ठी नव्हती. असू दे.

कालचं सांगते. दुसऱ्या कुणाकडून वाकडंतिकडं कळण्याआधी मीच सांगते.

ईदच्या नमाजानंतर हॉलच्या खाली सगळे गळाभेट घेत होते. आम्ही बायका जिन्यावर होतो, त्याच जिन्यावर. कमरुद्दीनकाकांनी टाळी वाजवून सगळ्यांना थांबवलं. म्हणाले, आजच्या मुबारक दिवशी दोन भाऊ मन साफ करताहेत. इलियास पुढे आला. पांढराशुभ्र कुर्ता, अत्तर. डोळ्यांत पाणीही होतं, आणि ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही. ते मला ठाऊक नाही. त्याने मुसाफ्यासाठी दोन्ही हात पुढे केले.

अब्बा उभे राहिले. अख्खी जमात बघत होती. अब्बांनी डावा हात पुढे केला.

कुणीतरी मागून कुजबुजलं, "दाऊदभाई, उजवा. मुसाफा उजव्यानं."

अब्बा अगदी साध्या आवाजात म्हणाले, "उजवा इलियासकडं आहे. पाइपाबरोबर घेऊन गेला होता. त्यानं परत आणून दिला की मी पुढं करतो."

इलियासने हात खाली घेतले. कमरुद्दीनकाका म्हणाले, "दाऊदभाई, माफ करणारा मोठा असतो."

"माफी माझी आहे ना सदरसाहेब?" अब्बा म्हणाले. "मग कधी द्यायची ते मी ठरवीन. ती जमातीच्या तिजोरीत नाही. आणि माझ्या मनात त्याच्यासाठी दुसरा पाइप पण नाही. त्यानं कोर्टात उभं राहून म्हणावं, हो, मी मारलं. तिथून बाहेर आला की मी डावा हात पुढं करीन, तो त्यानं घ्यावा."

मग ते घरी आले आणि शीरखुर्मा मागितला.

मला वाटत होतं की दोनच रस्ते असतात: मिटवायचं किंवा उडवायचं. कमरुद्दीनकाकांचा किंवा तुझा. बी.ए.ला राज्यशास्त्राचे एवढे पेपर दिले, पण तिसरा रस्ता मला काल कळला, आणि तो सातवी शिकलेल्या माणसाने दाखवला असं लिहिणार होते, तर अब्बांनी खांद्यावरून वाचून सांगितलं, "सातवी नापास लिही."

तारीख २९ एप्रिल. ये.

मिस्बाह


१३ एप्रिल

भाई,

अस्सलामु अलैकुम.

राघोकाका तुझा निरोप घेऊन आले. त्यांनी तो दारात उभं राहूनच दिला, आत आले नाहीत, चहा घेतला नाही. "त्यो बोलला, तिला सांग मी येतंय. पन कोर्टाचे आत न्हाय, भायेर. इलियास भायेर कवा तरी येलच." मग टोपी काढून म्हणाले, "पोरी, माना ह्यो निरोप आनाचा नव्हता. पन न्हाय आनला तर तुला कललाच नसता."

तर हे पत्र मी रागाने लिहिते आहे. पहिल्यांदाच. आतापर्यंतची सगळी जपून लिहिली होती.

तू माझ्याशी का बोलत नाहीस ते आपण दोघांनी कधी शब्दांत म्हटलं नाही. मी म्हणते. अब्बा हॉस्पिटलमध्ये होते, तू कोयता शर्टाखाली घालून निघालास, मी दार अडवलं, तू मला बाजूला केलंस, आणि मी पोलिसांना फोन केला. माझ्या भावाला थांबवा, म्हटलं. त्यांनी तुला इलियासच्या बिल्डिंगखाली धरलं. कोठडीत ठेवलं. नोंद झाली. जहाजाच्या नोकरीसाठी पोलिसांचा दाखला लागत होता तो मिळाला नाही आणि जहाज तुझ्याशिवाय गेलं. तुझं समुद्रावर जायचं स्वप्न मी एका फोनने संपवलं आणि आता तू समुद्रासमोर बसून बर्फ फोडतोस. मला हे रोज आठवतं. वाईटही वाटतं. पण चूक झाली असं मला वाटत नाही, आणि तुला परत आणण्यासाठी मी तसं खोटं लिहिणार नाही. तू २९ तारखेला शर्टाखाली काही घेऊन आलास तर मी पुन्हा फोन करीन. कोर्टात पोलीस जवळच असतात, फोनही लागणार नाही.

त्या दिवशी दारात तू म्हणालास, बदल्याचा हक्क कुराणात आहे. त्याच आयतीत पुढे, माफ करून समेट करणाऱ्याचा मोबदला अल्लाहकडे आहे, असंही आहे. तिथपर्यंत कुणी पोहोचतच नाही. आणि सूरह निसामध्ये गवाहीबद्दल जे आहे ते तर तुझ्यासाठीच उतरलंय असं वाटतं: न्यायासाठी ठाम उभे राहा, गवाही द्या, ती तुमच्या स्वतःच्या, आई-बापाच्या, नातेवाइकांच्या विरुद्ध गेली तरी. हातात काय घेऊन उभे राहा ते तिथे लिहिलेलं नाही. नुसतं उभं राहा म्हटलंय. कोयता उचलणाऱ्याला पुढे काय होणार ते माहीत असतं. पिंजऱ्यात उभं राहणाऱ्याला ते माहीत नसतं, समोरचा वकील त्याला सगळ्यांदेखत खोटा ठरवतो, आणि तरी त्याला खरंच बोलायचं असतं. मला सांग, जास्त छाती कशाला लागते?

आता मी जे लपवलं ते सांगते. खिडकीची काच वाऱ्याने फुटली नव्हती. दगड आला होता, त्याला कागद गुंडाळलेला होता, त्यावर काय लिहिलं होतं ते मी इथे उतरवणार नाही. मी त्या दगडाची तक्रार दिली आहे. पनवेलचं लग्न मोडलं. मुलगी कोर्टाच्या पायऱ्या चढते म्हणाले. अम्मी दोन दिवस जेवली नाही, मग म्हणाली, बरं झालं, त्यांचा मुलगा फार मोठ्याने चहा पितो.

हे आधी लिहिलं असतं तर तू त्याच रात्री कोयता उचलला असतास, म्हणून लिहिलं नाही. आज लिहिते, कारण हे सगळं माहीत असून तू रिकाम्या हाताने यावंस असं मला हवं आहे. काही माहीत नसताना शांत राहिलेला भाऊ मला नको.

तू आला नाहीस तर इलियास सुटेल, अब्बा बांगडीवाले राहतील आणि त्या वरच्या खोलीत टाइल्स येतील. तरी मी मुलींना स्वयंपाकघरात शिकवत राहीन. तू कोयता घेऊन आलास तर मात्र मी त्यांना काय शिकवू?

मिस्बाह


३० एप्रिल

भाई,

अस्सलामु अलैकुम.

काल समोरासमोर काही बोलता आलं नाही. म्हणून पुन्हा कागद.

तू आलास तेव्हा मी तुझ्या तोंडाकडे नंतर पाहिलं. आधी हात पाहिले. मग शर्ट पाहिला. तू तो पँटमध्ये खोचला होतास, पट्टा लावून, शाळेच्या स्नेहसंमेलनाला जायचास तसा. तुला शर्ट खोचलेला अजिबात आवडत नाही हे मला माहीत आहे. लांबूनच मला दिसावं म्हणून तू तसा आलास, हेही कळलं. बाहेरच्या बाकावर इलियास बसला होता. तू त्याच्यासमोरून गेलास. तू त्याला सलाम केला नाहीस, शिवीही दिली नाहीस, आत गेलास.

गिरिजा मॅडमच्या प्रश्नांना तू नीट उत्तरं दिलीस. मग त्या वकिलाने तुझा जबाब वर धरला.

"वडील बांगडीवाले आहेत असं तुम्हीच सांगितलंत. सही तुमची आहे?"

"सही माझी आहे. शब्द माझा नाही. मी बांगी म्हणालो होतो."

न्यायाधीशबाईंनी मान वर केली. "बांगी म्हणजे?"

तू म्हणालास, "बांग देतो तो, मॅडम. अजान." आणि बहुतेक तुला वाटलं की एवढ्याने कळणार नाही. तू उजवा हात उचलून कानाला लावलास. "असा उभा राहतो. पहाटे सगळ्यांच्या आधी, म्हणून किल्ली त्याच्याकडे असते." हात तू खाली घेतला नाहीस. "माझ्या अब्बांचा आता इथपर्यंत जात नाही."

बाईंनी ते टाइप करायला सांगितलं. एक-एक अक्षर सांगितलं: बां-गी.

मग त्या वकिलाने शेवटचं काढलं, जे तो काढणार हे आपल्या सगळ्यांना माहीत होतं. कोयता घेऊन निघाला होता ना? हो. पोलिसांनी धरलं ना? हो. खबर कुणी दिली?

"बहिणीनं."

"म्हणजे तुमच्या घरच्यांनासुद्धा तुम्ही गुंड वाटत होता."

मला वाटलं, आता चिडशील.

"नाही," तू म्हणालास. "भाऊ वाटत होतो."

पुढचं मला नीट आठवत नाही. गिरिजा मॅडमनी मला रुमाल दिला एवढं आठवतं.

बाहेर राघोकाका रिक्षा चालू करून थांबले होते. तू बसलास. मी दांड्याला धरून उभी होते. तूच म्हणालास, "वालेकुम अस्सलाम."

"कुठल्या पत्राचा?"

"सगळ्यांचा."

आणि रिक्षा गेली. राघोकाका मात्र आरशातून माझ्याकडे बघून हसत होते, लबाड.

घरी येऊन अब्बांना सगळं सांगितलं. तू हात कसा कानाला लावलास ते करून दाखवलं. त्यांनी मला ते पुन्हा एकदा करायला लावलं. मग म्हणाले, "म्हणजे केबिन रोडचं दुकान बंद म्हणायचं."

निकाल लागलेला नाही. सुट्टीनंतर पुढची तारीख पडेल. इलियासचा वकील आणखी काहीतरी आणेल. कमरुद्दीनकाकांनी काल अब्बांना रस्त्यात पाहून मान फिरवली, पण आज सकाळी त्यांच्या नातीला आपल्याकडे अभ्यासाला पाठवलं. तिला मी काही विचारलं नाही. चटई अंथरून दिली. केस हरलो तर वर अपील आहे. इलियासने कबूल केलं तर अब्बांनी दिलेला शब्द आहे, डाव्या हाताचा, आणि तो ते पाळतील. मी तेव्हा त्यांच्या शेजारी उभी असेन. सोपं जाणार नाही, तरी उभी असेन.

आज पहाटे जाग आली तर अब्बा गॅलरीत होते. हळू आवाजात, जेमतेम स्वतःला ऐकू येईल इतक्या, बांग म्हणत होते. डावा हात कानाला होता. उजवा जेवढा वर जातो तेवढा वर होता.

या पत्राच्या वर जो सलाम आहे, त्याचा जवाब राघोकाकांजवळ पाठवू नकोस. रिक्षातूनही देऊ नकोस. तो दारात उभं राहून द्यायचा. मी आडून ऐकत असेन.

तुझी,
मिस्बाह